करार, स्वार्थ आणि दिलेला शब्द

आपलं हित बदललं की दिलेला शब्द मोडायला राष्ट्र मोकळं होतं का? नीतिशास्त्रातल्या या जुन्या प्रश्नाचं उत्तर आज नाटो या लष्करी युतीला द्यावं लागतं आहे. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी केलेल्या तिच्या कराराचं पाचवं कलम सांगतं, की एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. मात्र मदतीला नेमकं काय करायचं, हे त्याच कलमाने ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे. सैन्य पाठवलंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे या युतीचा खरा आधार कायद्यापेक्षा विश्वासाचा: अमेरिका शब्दाला जागेल, असं मित्रांना वाटत होतं आणि शत्रूलाही.

हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, तेही अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर. डेन्मार्कच्या सीमेला अफगाणिस्तानातून धोका नव्हता. तरी त्या छोट्या देशाने तिथे चाळीसहून अधिक सैनिक गमावले. त्याच डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँडबाबत बळाचा वापर करणार नाही, अशी ग्वाही द्यायला डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५मध्ये नकार दिला. स्वार्थ आणि शब्द एकाच वाटेने चालतात तोवर शब्दाची गरजच नसते. वाटा फुटतात तिथे त्याचा कस लागतो, आणि डेन्मार्क त्या कसाला उतरला होता.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञ हॉब्सच्या परंपरेतला: राज्यकर्त्याचं पहिलं कर्तव्य आपल्या प्रजेशी. पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावाल का, ही शंका फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यापुढे मांडलीच होती. शंका रास्त आहे. पण ती शब्द देताना मनाशी सोडवायची असते. करारातून बाहेर पडायचं तर तेरावं कलम वर्षभराच्या पूर्वसूचनेची उघड वाट देतं. करारात राहून शब्द संदिग्ध ठेवणं मात्र अनीतीचं, कारण त्या शब्दाच्या भरवशावर एस्टोनियासारख्या देशांनी आपलं भवितव्य सोपवलेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपने वर्षानुवर्षं संरक्षणावर हात आखडता घेतला आणि भार अमेरिकेवर टाकला. हे खरं आहे. तिसऱ्या कलमाने प्रत्येकावर स्वसंरक्षणाची तयारी ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, म्हणजे शब्द युरोपनेही पाळला नाही. पण हप्ता थकला की संरक्षण बंद, हा विमा कंपनीचा हिशेब युतीला लावला, तर हल्लेखोराला फक्त थकबाकीदार शोधायचं काम उरतं. जून २०२५मध्ये हेग इथे सदस्यांनी २०३५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के संरक्षण व संबंधित बाबींवर खर्चण्याचं ठरवलं. तो खर्च वॉशिंग्टनची मर्जी राखण्यासाठी झाला, तर मर्जी फिरताच व्यर्थ जाईल. युरोपने तो एकमेकांना दिलेल्या शब्दाचं ऋण म्हणून करावा; मग अमेरिका राहो वा जावो, युती उभी राहू शकेल.