रास केव्हा पडते?

गेल्या वर्षीची भाऊबीज. कळंबच्या आमच्या घरी पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती आणि पुतणी तबक घेऊन उभी होती. तिचा भाऊ मात्र माजघरात लॅपटॉपसमोर. हिंजवडीच्या एका कंपनीत तो नोकरीला. अमेरिकेत नुकतेच उजाडले होते आणि तिकडच्या साहेबांशी बोलणे चालू होते. निरांजनात दोनदा तूप घालावे लागले. शेवटी मी म्हणालो, "अरे, काम संपव आणि ये."

तो हसून म्हणाला, "काका, हे काम संपत नसतं. थांबवावं लागतं."

त्याला दोष देणे सोपे होते. परंतु आम्ही शेतकऱ्यांनी तरी कामाचे तास केव्हा मोजले? मध्यरात्री वीज आली की माझे वडील मोटार चालू करायला शेतावर जात. सोयाबीनच्या सुगीत आमची निम्मी दिवाळी खळ्यावरच सरते. मग आमचे ते कष्ट आणि त्याचा तो हव्यास, असे कसे म्हणावे? फरक एवढाच, की मळणी होते, रास पडते, खळे मोकळे होते. काम स्वतःच 'पुरे' म्हणते. संगणकाच्या कामाला रास नाही. तिथे 'पुरे' माणसाने म्हणायचे असते, आणि एकट्या नोकरदाराला त्याची भीती वाटते.

ही भीती जुनी आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना एकत्र आणले म्हणून. एकट्याने म्हटलेले 'पुरे' महाग पडते. सर्वांनी म्हटले की त्याचा रविवार होतो.

१९४८च्या कारखाने कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला. उद्योग हा सद्गुण, यात वाद नाही. पण वरचे हे २२ तास कोणाचे? देणारा म्हणतो, माझे. मला तसे वाटत नाही. त्यांत तबक धरून ताटकळलेल्या बहिणीचा वाटा आहे, वाट पाहून झोपी गेलेल्या मुलाचा आहे. त्यांना न विचारता ते देऊन टाकणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

साडेनऊला तो पाटावर बसला. खिशातला फोन पुन्हा वाजला. त्याने तो बंद केला.

"उद्या बोलणी खावी लागतील," तो म्हणाला.

बहिणीने काही न बोलता निरांजनाची वात पुढे सारली.