दाखवायचे दात

दात कोरून पोट भरत नाही, असं आमची आजी म्हणायची, आणि स्वतः मात्र जेवण झालं की कडुनिंबाची काडी घेऊन ओट्यावर निवांत दात कोरत बसायची. सकाळी मिश्री, रात्री काडी. मिश्रीचं समर्थन कुणी करू नये, तंबाखूच ती. पण रात्रीची काडी तिनं चुकवलेली मला आठवत नाही. तिला कुणी विचारत नव्हतं, तपासतही नव्हतं.

ही आठवण गेल्या संक्रांतीला परभणीत आली. ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, दिवाळीनंतर दातांना तारा बसवल्या. वय चौदा. आमच्याकडे संक्रांतीचे दिवस म्हणजे हुरड्याचे दिवस. ज्वारीचा कोवळा दाणा भाजून, चोळून, तिळाच्या चटणीसोबत खायचा. आणि जगात तारांमध्ये अडकण्यासाठी मुद्दाम घडवल्यासारखी कुठली वस्तू असेल तर ती हुरडा. ताई म्हणाली, "तूच सांग रे तिला फ्लॉसचं. तुझं ऐकते ती. तुलाही होत्या ना तारा."

मग मी आरशासमोर उभं राहून शिकवलं. साध्या दातांत दोरा वरून खाली सरकवता येतो. तारा असल्या की वाट बंद, कारण तार सगळ्या दातांवरून आडवी गेलेली असते. म्हणून प्लास्टिकच्या सुईसारख्या थ्रेडरमध्ये दोरा ओवायचा, तारेखालून आत घालायचा, दाताला बिलगून वर-खाली करायचा, ओढून बाहेर काढायचा. मग पुढची फट. अठ्ठावीस दात असतील तर सव्वीस फटी. सवय झाली तरी दहा-पंधरा मिनिटं जातात. तिनं हे सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "मामा, तू करायचास का रोज?"

"हो, रोज," मी म्हणालो.

खोटं बोललो. इतक्या सहज की बोलून झाल्यावर कळलं.

माझ्या तारा नववीत बसल्या. त्यासाठी आधी चार धडधाकट दात काढले होते, जागा करायला. पहिला हप्ता आईनं भिशीचा नंबर लागला त्या पैशांतून भरला. तिचं त्या पैशांचं दुसरं काहीतरी ठरलेलं होतं, काय ते तिनं कधी सांगितलं नाही. पहिले पंधरा दिवस मी दोरा नेमानं वापरला. नंतर एका रात्री झोप येत होती. मग गणिताचा पेपर होता. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून थांबलो. रक्त येत होतं ते न केल्यामुळेच. म्हणजे न केल्यामुळे रक्त, आणि रक्तामुळे न करणं. या चक्रात पुढे दीड वर्ष गेलं. दर महिन्याला तार कसायला गेलो की डॉक्टर विचारायचे, "फ्लॉस चालू आहे ना?" मी मान हलवायचो. बाहेर आई विचारायची, "काय म्हणाले?" "चांगलं चाललंय म्हणाले."

हिरड्या सुजून ब्रॅकेटवर चढल्या. ब्रशही मी उरकल्यासारखाच करायचो. तारा निघाल्या तेव्हा दात सरळ झाले होते, आणि वरच्या चार दातांवर खडूनं काढल्यासारख्या पांढऱ्या चौकटी होत्या. ब्रॅकेट चिकटवलेली जागा झाकलेली असते, ती वाचते. तिच्या कडेनं जंतूंचा थर साचतो, त्यांचं आम्ल वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट खेचून नेतं, आणि तिथे प्रकाश वेगळा पसरायला लागतो. हे डाग यायला वर्षं लागत नाहीत. चार आठवड्यांतही दिसू लागतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर या चौकटींचा दोष मुख्यतः ब्रशच्या कंटाळ्याचा, सुजलेल्या हिरड्यांचा दोष दोऱ्याच्या कंटाळ्याचा. कंटाळा एकच होता.

या खोटेपणात मी एकटा नाही, हे नंतर कळलं. 2015मध्ये अमेरिकेत हिरड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं हॅरिस पोल या संस्थेकडून पाहणी करून घेतली. त्यात 27 टक्के प्रौढांनी आपण फ्लॉसबद्दल डेंटिस्टशी खोटं बोलतो असं कबूल केलं. गंमत अशी की हे खोटं कुणालाच फसवत नाही. डॉक्टरला हिरडी दिसते. माझ्या डॉक्टरांनाही दिसत असणार. मग ज्याला खरं माहीत आहे त्याच्याशी बोललेलं खोटं हे खोटं असतं का? बराच काळ मी नाही म्हणत होतो. तो एक रिवाज आहे, "कसे आहात"ला "मजेत" म्हणण्यासारखा. पण आई? तिला हिरडी वाचता येत नव्हती. तिच्याकडे फक्त माझा शब्द होता. डॉक्टरसमोरचा रिवाज दाराबाहेर पाच पावलांवर फसवणूक झाला होता, आणि वाक्य जवळजवळ तेच होतं.

2016च्या ऑगस्टमध्ये, मी इंजिनिअरिंगला असताना, असोसिएटेड प्रेसची बातमी आली: फ्लॉसच्या उपयोगाचा भक्कम पुरावाच नाही, आणि अमेरिकी सरकारच्या नव्या आहार-मार्गदर्शक सूचनांतून फ्लॉस गायब झाला आहे. मला झालेला आनंद सांगण्याजोगा नव्हता. होस्टेलवर चार जणांना वाचून दाखवली. पूर्वलक्षी प्रभावानं निर्दोष सुटलो! 2019 साली कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी 35 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही निष्कर्ष असाच सावध होता: ब्रशच्या जोडीला दोरा किंवा दातांमधला बारीक ब्रश वापरल्यानं हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, दोऱ्यापेक्षा बारीक ब्रश कदाचित सरस, पण पुराव्याची खात्री कमी. मात्र पुरावा कच्चा असणं वेगळं आणि गोष्ट निरुपयोगी असणं वेगळं. चाचण्या छोट्या मुदतीच्या होत्या. आणि मुळात नववीत मी कुठला शोधनिबंध वाचून दोरा सोडला होता? सोडला झोपेसाठी, कारण मिळालं तीन वर्षांनी. हल्ली माझ्या कामातही मी हे पाहतो. टेस्ट लिहायच्या राहतात आळसामुळे, आणि मीटिंगमध्ये आपण सांगतो की त्यांचा फारसा उपयोग नसतोच.

आता कुणी म्हणेल, तुझे दात, तुझा कंटाळा, यात नीतीचा प्रश्न कुठून आला? या प्रश्नाशी कांट झगडला आहे. 1797च्या त्याच्या ग्रंथात तो आधी शंका स्वतःच काढतो: स्वतःबद्दलचं कर्तव्य ही कल्पनाच विसंगत वाटते, कारण देणेकरी आणि सावकार एकच असतील तर सावकार केव्हाही कर्ज माफ करू शकतो. मग तो तसं कर्तव्य असतं हेच मांडतो, आणि उदाहरणांत चक्क दात येतो. त्या काळी युरोपात गरिबाचा दात उपटून श्रीमंताच्या तोंडात बसवायचा प्रकार चालू होता. कांट म्हणतो, दुसऱ्याच्या तोंडात लावण्यासाठी आपला दात देणं किंवा विकणं ही अंशतः आत्महत्या आहे. (पैसे मोजून चार निरोगी दात काढून घेणाऱ्याबद्दल त्याचं मत काय असतं कुणास ठाऊक.) पण त्याच भागात थोडं पुढे तो म्हणतो की माणसाचं स्वतःबद्दलच्या कर्तव्याचं सर्वांत मोठं उल्लंघन म्हणजे खोटं बोलणं. पहिलं मला अतिरेकी वाटतं. दुसरंही वाटायचं.

सावकाराच्या मुद्द्यावर मला कांटपेक्षा डेरेक पार्फिट जवळचा वाटतो. 1984च्या पुस्तकात तो सुचवतो की पुढच्या काळातला मी जवळजवळ दुसरा माणूस समजावा. मग स्वतःचं मोठं नुकसान करणं हा नुसता मूर्खपणा राहत नाही, अन्याय होतो. रात्री अकरा वाजता कर्ज माफ करणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता. फोटोत ओठ मिटून हसणारा मी अठ्ठावीसचा आहे. त्यानं मला विचारलं नव्हतं. तरी यातही एक सोय आहेच: "तो" मुलगा म्हटलं की आपण सुटतो. आरशासमोर भाचीला "हो, रोज" म्हणणारा तो नव्हता.

गूळ खाणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. आई मुलाला संताकडे नेते, संत म्हणतो काही दिवसांनी या, तोवर स्वतः गूळ सोडतो आणि मगच उपदेश करतो. सांगणाऱ्यागणिक संताचं नाव बदलतं. मला ही गोष्ट कधीच पूर्ण पटली नाही. गूळ वाईट असेल तर खाणाऱ्यानं सांगितलं तरी वाईटच. उलट ज्याचे दात गेले त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? उपदेशाचा हक्क आचरणातून येतो हे मान्य केलं तर जगातले निम्मे आईबाप मुके होतील. पण ती गोष्ट हक्काची नसेलच कदाचित. संतानं "मी कधीच गूळ खाल्ला नाही" असं सांगितलं नाही, एवढंच तिच्यात असेल.

परत निघायच्या दिवशी ताईच्या घरी कालनिर्णय पाहिलं. दुधाच्या हिशोबाच्या शेजारी भाची रोज फ्लॉस केल्याची बरोबरची खूण करत होती. एकोणीस खुणा. सगळ्या एकाच निळ्या पेनानं, एकाच तिरकेपणानं, एकाच दाबानं. रोज रात्री झोपेत केलेल्या खुणा अशा नसतात. हे मला कसं कळलं, हे सांगायची सोय नव्हती. आमच्या घरच्या कॅलेंडरवर मीही अशाच, महिन्याच्या शेवटी, एका बैठकीत केल्या होत्या. आईनं ते पान जपून ठेवलं होतं. ताई कौतुकानं म्हणाली, "बघ, तुझ्यामुळे सुधारली." मी चहा प्यायलो आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला आलो.

दोन आठवडे फोन केला नाही. मग एका रविवारी व्हिडिओ कॉल केला. ती आमच्याच घरी, आजीकडे आलेली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालो, "त्या खुणा एका दिवशी केल्यास ना?"

ती बराच वेळ बोलली नाही. नेट गेलं असं वाटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला कसं कळलं?"

मी ओठ वर करून कॅमेऱ्यासमोर दात धरले. चौकटी दाखवल्या. रोज करायचो हे खोटं होतं, असं म्हणालो. तिनं जवळून पाहिलं, अगदी स्क्रीनला नाक लावून.

"आजीला माहितेय?"

"नाही."

तिच्या मागून स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिनं एकदा मागे वळून पाहिलं आणि मग विचारलं, "बोलावू?"