कमळाचं पान आणि हाऊसबोटीची टाकी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १०

या श्लोकात भगवंत कमळाच्या पानाची उपमा देतात. जो आपली कर्मं ब्रह्माला अर्पण करून, आसक्ती सोडून करतो, त्याला पाप चिकटत नाही. पाण्यात राहूनही कमळाचं पान भिजत नाही, तसंच.

आपल्या पिढीला हा श्लोक आवडतो, कारण त्याचा एक सोयीचा अर्थ निघतो. सगळं करा, फक्त मनाला लावून घेऊ नका! पण अलिप्तता म्हणजे हेच का?

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे आठजण केरळला गेलो होतो. आमच्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्स्प्रेस थेट अलेप्पीला जाते. तिथून हाऊसबोट घेऊन कुट्टनाडच्या पाण्यात एक रात्र राहिलो. ही बोट मुळात भात वाहून नेणारी. जुन्या पद्धतीत फळ्या खिळे न मारता काथ्याने बांधलेल्या असतात. दोन्ही बाजूंना भातशेती, आणि ती समुद्रसपाटीच्याही खाली! मधल्या बेटांवर लोकांची घरं. मुलं बोटीने शाळेत जातात, बायका पायरीवर बसून त्याच पाण्यात भांडी घासतात. चहूकडे पाणी, पण प्यायचं पाणी मात्र कित्येक घरांना होडीने आणावं लागतं.

काकांनी शबरीमलाची यात्रा केलेली आहे. ते म्हणाले, "आई, तिकडे ज्या पंपेत स्नान करतात ना, तीच नदी इथे येऊन मिळते." आजीने लगेच पिशवीतून बाटली काढली. "मग भरून घे रे, देवघरात ठेवू."

त्याच वेळी माझ्या भाचीने बोटीवरच्या दादांना विचारलं, "इथल्या बाथरूमचं पाणी कुठे जातं?" ते तुटक्या हिंदीत म्हणाले, टाकी असते, भरली की ती रिकामी करायला बोट न्यावी लागते, पण सगळेच नेत नाहीत.

आजीने विचारलं, "मग हे देवापुढे ठेवायचं की नाही?" कोणी काहीच बोललं नाही. आजीने बाटली रिकामीच पिशवीत ठेवली.

माझा चुलतभाऊ म्हणाला, "आजी, एवढं नको गं मनाला लावून घेऊस. आपण एका दिवसाचे पाहुणे."

श्लोकाचा अर्थ अडतो तो इथेच. भगवंतांनी आसक्ती सोडण्याबरोबरच कर्म अर्पण करण्याचीही अट घातली आहे. आपण देवाला फूल वाहतो ते निवडून, नैवेद्य दाखवतो तो सोवळ्याने. मग सहल अर्पण करायची असेल, तर तिच्यातलं काय देवापुढे ठेवण्याजोगं आहे, हे बघायला नको? आणि कमळाचं पान पाण्याने भिजत नाही हे खरंच, पण ते पाणी घाणही करत नाही. उपमेची ही बाजू आपण विसरतो.

डिसेंबरच्या मध्यापासून तिथे तण्णीरमुक्कमचा बंधारा बंद करतात, शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून. त्यामुळे पाणी तुंबतं आणि त्यात टाकलेलं तिथेच राहतं. नेमका हाच आपल्या सुट्टीचा मोसम. पाहुणा निघून जातो, त्याने टाकलेलं मात्र त्या पायरीपाशी येऊन थांबतं.

मग जायचंच नाही का? तसंही नाही. त्या दादांचं घर आपल्यासारख्यांवरच चालतं. पण बोट ठरवताना दर विचारतो, जेवण विचारतो, तसंच टाकी कुठे रिकामी करता हेही विचारावं. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तर द्यावेत. "माझ्या एकट्याने काय फरक पडणार?" असं वाटेल. पण फळ आपल्या हातात नाही, हे गीता कर्म सोडण्यासाठी सांगत नाही, करण्यासाठी सांगते.

आणि त्यासाठी केरळपर्यंत जायची गरज नाही. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी आपल्या कुर्ल्यातून माहीमच्या खाडीकडे जाते. तिला आपण नदी म्हणतच नाही, नाला म्हणतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कुर्ल्यात कोणालाच अलिप्त राहता आलं नाही.

आजचा संकल्प : आज वापरलेलं पाणी आणि टाकलेला कचरा माझ्या घरातून कुठे जातो, हे एकदा शोधून काढा. नामस्मरणाला बसण्याआधी स्वतःला विचारा, यातलं देवाला काय अर्पण करता येईल?

राम कृष्ण हरी!