दुसऱ्याच्या हाताची गिटार

दहावीला पंच्याण्णवच्या वर गेलास तर गिटार, असा तह हल्ली लातूर-नांदेडच्या घरांत होतो. पूर्वी तो सायकलवर मिटायचा. टक्के पडल्यावर मुलगा मोबाइलवर जी गिटार दाखवतो ती मात्र साधी नसते. ती इलेक्ट्रिक असते आणि कुणातरी नामवंताच्या नावाची असते. एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह वाय, यंग्वी माल्मस्टीन. किंमत दीड-दोन लाखांच्या पुढे. वडील म्हणतात, "एवढी महाग कशाला?" आई म्हणते, "घ्यायचीच तर चांगली घ्या." दोघांचंही बरोबर असतं, कारण गिटारीच्या आत काय आहे हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

आत असतात त्या वादकाच्या सवयी. फेंडर कंपनीने 1988 साली क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. क्लॅप्टनला सूर हलवणारी ट्रेमोलोची दांडी लागत नाही, म्हणून त्याच्या मॉडेलमध्ये ती यंत्रणा लाकडी ठोकळा घालून बंद केलेली असते. त्याला मधल्या पट्टीतला आवाज फुगवून हवा असतो, म्हणून पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक जादा सर्किट. त्याच वर्षी निघालेल्या माल्मस्टीनच्या मॉडेलमध्ये दोन पडद्यांमधलं लाकूड वाटीसारखं खरवडलेलं असतं. बोट लाकडाला टेकतच नाही, नुसत्या तारेवर तरंगतं. हलक्या, तयार हाताला त्याने वेग मिळतो. नवशिका मात्र भीतीने तार घट्ट दाबतो. ती खाली वाकते, ताणली जाते आणि सूर चढतो. पोर बिचारं महिनोन्‌महिने बेसूर वाजवतं आणि आपल्याला कानच नाही असं समजतं.

स्टीव्ह वायचं 1987 चं आयबानेझ जेम आणखी वेगळं. तिथे तारा दोन्ही टोकांना स्क्रूने आवळलेल्या असतात आणि ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला, अधांतरी असतो. एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारा सुरातून सरकतात. ॲलन की घेऊन सगळं पुन्हा जुळवताना अनुभवी माणसाचाही संयम सुटतो. लातुरात रात्री नऊला, क्लास आटोपून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने हे करायचं?

सही असलेलं वाद्य ही कल्पना आपल्याला नवी नाही. मिरजेला सतार घ्यायला गेलात तर रविशंकर पद्धतीची हवी की विलायत खाँ पद्धतीची, असं विचारतात. पहिलीला खर्जाच्या तारा असतात, बहुधा वर दुसरा भोपळा आणि नक्षीही. दुसरीतून खर्ज काढलेला, गांधाराला मिळवलेली तार घातलेली आणि लांब मींड सोसेल अशी बांधणी. म्हणजे इथेही दोन मोठ्या वादकांची नावं वाद्याला चिकटलेली आहेत. फरक एवढाच की नाव निवडतात ते गुरुजी. ज्या बाजाची तालीम घ्यायची, त्या बाजाची सतार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कुठली सतार कुणाला द्यायची याचं शहाणपण तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. गिटारीच्या दुकानात हे काम जाहिरात करते, आणि जाहिरातीला मुलाचा हात दिसत नाही.

टॉपरचा फोटो लावलेल्या क्लासची मोठी फी भरावी तसाच हा व्यवहार आहे. फोटोतल्या मुलाने काय केलं ते आपल्या मुलाच्या हातात उतरत नाही, पैसे मात्र त्या फोटोचे जातात.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनची गंमत तर विलक्षण आहे. त्याने आपली प्रसिद्ध 'फ्रँकेनस्टाइन' गिटार साधारण पन्नास डॉलरची बॉडी आणि ऐंशी डॉलरची नेक जोडून स्वतः बनवली. बाजारातल्या गिटारी त्याला पुरत नव्हत्या, हे त्यामागचं कारण. 2007 मध्ये फेंडरने तिच्या तीनशे हुबेहूब प्रती काढल्या, एकेकीची छापील किंमत पंचवीस हजार डॉलर. ओरखडे, सिगारेटचे डाग, ब्रिजजवळ ठोकलेलं 1971 चं नाणं, सगळं जसंच्या तसं. संग्राहकाने घ्यावी, माझी ना नाही. पण एडीकडून शिकायचं तर त्याची खटपट शिकायची, डाग कशाला विकत घ्यायचे?

उलट बाजूही खरी आहे. चार-पाच हजारांची, तारा बोटभर उंच असलेली गिटार मुलाचा उत्साह दोन महिन्यांत मारते. नावाचा मोहही मी हसण्यावारी नेणार नाही. आवडत्या वादकाची गिटार समोर असली की ती रोज हातात घेतली जाते. शिवाय सही म्हणजे महाग असंही नाही. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त शाखेने जे. मॅस्किस या वादकाच्या नावाची जॅझमास्टर गिटार काढली, ती बऱ्याच जाणत्यांना पसंत पडली. पण रोज हातात घेण्यासाठी वाद्य सुरात राहिलं पाहिजे आणि बोटांना जाच होता कामा नये. हे दोन्ही वीस-पंचवीस हजारांत साधतं, मात्र नीट सेटअप केलेला असेल तरच.

मराठवाड्यात पैसे घालायचे ते या सेटअपवर. बेचाळीस अंशांचा कोरडा उन्हाळा लाकडाला सोसत नाही. नेकचा बाक बदलतो, तारा पडद्यांवर खडखडू लागतात. आतली सळई थोडी फिरवली की भागतं, पण ती किती आणि कुठे फिरवायची हे कळणारा माणूस हवा. सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाच्या नांदेडात पेटी-तबल्याचा जाणकार सहज भेटतो, इलेक्ट्रिक गिटारीसाठी बऱ्याचदा हैदराबाद नाहीतर पुणं गाठावं लागतं. त्या खेपेचे पैसे बाजूला ठेवलेले बरे.

आणि अर्थिंग. ॲम्प लावला की 'घूंऽऽ' असा आवाज येतो. एकेरी कॉइलच्या साध्या पिकअपमध्ये तो थोडा असणारच, मग गिटार दोन लाखांची असो की वीस हजारांची. पण तारेला हात लावताच मुंग्या येत असतील तर तो गिटारीचा दोष समजून दुकानदाराशी भांडू नये. ॲम्प ताबडतोब बंद करावा आणि वायरमनला बोलवावं. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा उडतो आणि तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन नावालाच उरते. गिटारीच्या तारा ॲम्पमार्फत त्याच पिनेला जोडलेल्या असतात, म्हणून हा धोका हाताशी आहे. कोळसा-मिठाचा खड्डा दुरुस्त करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

तीन-चार वर्षं टिकून वाजवलं की मुलाच्या तक्रारी बदलतात. नेक जाड हवी, ही दांडी मला लागत नाही, पुढच्या पिकअपचा आवाज गढूळ येतो. अशी तक्रार करणाऱ्याला नावांची यादी खुशाल दाखवावी. एखाद्या नावाशी त्याच्या सवयी जुळतीलही, आणि तेव्हा वडिलांनी दोन लाखांसाठी फार घासाघीस करू नये.