रक्त दिलं, पण कशासाठी?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे. तिथवर मोटाररस्ता नाही. आठ मैलांची वाट पायी उतरायची, नाहीतर खेचर किंवा हेलिकॉप्टर. टपालसुद्धा खेचरांच्या पाठीवरून येतं. या गावच्या हवासुपाई जमातीत माणसं जेमतेम साडेसहाशे. १९९० च्या सुमारास मधुमेहानं त्यांना असं घेरलं होतं, की जमात टिकते की नाही याचीच धास्ती पडली. म्हणून ओळखीच्या एका मानववंशशास्त्रज्ञाच्या भरवशावर त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना आपलं रक्त काढू दिलं. रक्त त्यांच्या लेखी पवित्र. ते परक्याच्या हाती देणं सोपं नव्हतं.

२००३ साली जमातीच्या कार्लेटा टिलूसी विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसल्या होत्या. विषय होता त्यांच्याच लोकांच्या रक्ताचा. त्यासाठी परवानगी घेतली होती का, असं त्यांनी विचारलं, आणि मग एकेक गोष्ट उघड होत गेली. मधुमेहासाठी दिलेल्या रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, जमातीतल्या जवळच्या नात्यांतल्या संबंधांचा आणि प्राचीन स्थलांतराचा अभ्यास झाला होता. संमतिपत्रावर सह्या होत्या. पण त्यातली भाषा इतकी ऐसपैस, की तिच्यात काहीही बसावं.

यातला स्थलांतराचा घाव सर्वांत खोल. हवासुपाईंच्या श्रद्धेनुसार त्यांचा उगम याच दरीतला आणि तिची राखण त्यांच्याकडे. पूर्वज आशियातून आले, असं सांगणारं संशोधन म्हणजे त्यांच्याच रक्ताला त्यांच्या श्रद्धेविरुद्ध साक्षीला उभं करणं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की श्रद्धा दुखावते म्हणून सत्य झाकायचं का? प्रश्न रास्त आहे, पण इथे तो लागू पडत नाही. सत्य झाका, असं हवासुपाईंनी म्हटलं नव्हतं. निष्कर्ष खरा असला तरी त्यासाठी वापरलेला ऐवज विश्वासानं सोपवलेला होता. आपल्या स्मृतिकारांनी वादाच्या अठरा विषयांत निक्षेपाला, म्हणजे विश्वासानं ठेवलेल्या ठेवीला, स्वतंत्र जागा दिली. ठेव परस्पर वापरणारा ती कितीही चांगल्या कामी लावो, तो दोषीच.

शिवाय सही एकाची असली, तरी जनुकं एकट्याची नसतात. त्यांत मेलेल्या आजीचाही वाटा आणि अजून न जन्मलेल्या नातवाचाही. त्यांच्या वतीनं होकार कुणी द्यायचा? कायदा व्यक्तीला विचारतो. जमातीला विचारायची सवय विद्यापीठांना फार उशिरा लागली. हवासुपाईंनी २००४ मध्ये दावा लावला. २०१० च्या तडजोडीत ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत आलं.

वेगळी वाटही निघू शकते. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. तिथल्या जमाती त्याला पूर्वज मानून पुन्हा दफन करू पाहत होत्या. २००४ मध्ये न्यायालयानं कौल दिला त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बाजूनं. पुढे कोपनहेगनचे जनुकशास्त्रज्ञ एस्के विलर्स्लेव्ह यांनी जमातींशी बोलणी केली आणि कोलव्हिल जमातीच्या लोकांनी तुलनेसाठी स्वतःहून डीएनए दिला. २०१५ मध्ये नातं सिद्ध झालं, २०१७ मध्ये दफन झालं. आनंदाचीच गोष्ट; तरी पूर्वजाला मूठमाती द्यायला प्रयोगशाळेचा दाखला लागावा, हे टोचतंच.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. खिडकीतून नको, दारातून या, असं त्यांचे नेते आंद्रिस स्टीनकॅम्प सांगत. अमेरिकेतल्या नावाहो राष्ट्रानं २००२ पासून जनुकीय संशोधन थांबवलं, पण आरोग्याच्या इतर अभ्यासांना दार बंद केलं नाही. असा अभ्यास आधी त्यांच्या स्वतःच्या परीक्षण मंडळापुढे मांडावा लागतो आणि लिहून झालेला शोधनिबंधही छापण्याआधी त्याच मंडळाला दाखवावा लागतो.