शिदोरी आणि ओझे

भिवंडी हे ओझ्यांचे गाव आहे, असे म्हटले तर आमचे गावकरी रागावणार नाहीत. मुंबई-नाशिक महामार्ग सोडून माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर यांपैकी कोणत्याही बाजूस वळावे. गोदामांच्या रांगा लागतात. गावात शिरावे, तर यंत्रमागांची खडखड, सुताची बाचकी आणि कापडाचे तागे. येथल्या माणसाला वजनाचा अंदाज नुसत्या नजरेने येतो. तरीही आमच्याच घरातील एका बॅगेने मध्यंतरी आम्हांला निरुत्तर केले.

आमची धाकटी मुलगी परिचारिका म्हणून दोन वर्षांसाठी आयर्लंडला निघाली होती. तिच्या तिकिटावर एका बॅगेस तेवीस किलो आणि हातातील सामानास सात किलो अशी मुभा होती. सुताच्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेल्या काट्याला बॅग टांगली, तेव्हा काटा एकतीसवर थांबला. म्हणजे आठ किलो काढावयाचे होते. आठ किलो ही तशी क्षुल्लक गोष्ट. परंतु काय काढावे, हे ठरवताना त्या रात्री आमच्या घरात जेवढे बोलणे झाले, तेवढे तिचे शिक्षण ठरवतानाही झाले नव्हते. मग आमच्या मनात प्रश्न उभा राहिला : प्रवासाला निघणाऱ्या माणसाने बरोबर काय न्यावे, हा केवळ सोयीचा विषय आहे की नीतीचा?

बॅग उघडून पाहिली, तेव्हा ध्यानात आले, की ती तीन हातांनी भरली होती. पहिला हात भीतीचा. तेथे मिळाले नाही तर, थंडी सोसली नाही तर, आजार आला तर. अशा प्रत्येक ‘तर’साठी एकेक वस्तू आत गेली होती. दुसरा हात प्रेमाचा. वसईहून आलेल्या आजीने बॉटल मसाल्याच्या दोन बाटल्या, सुके बोंबील, सुकेळी आणि स्वतः शिवलेली गोधडी आणली होती. तिसरा हात मानापानाचा. तेथील ओळखीच्यांना द्यावयाच्या भेटी, समारंभाच्या साड्या, ‘रिकाम्या हाताने कशी आली’ असे कोणी म्हणू नये म्हणून घेतलेले मिठाईचे पुडे. मुलीने स्वतःच्या गरजेने ठेवलेल्या वस्तू मोजल्या, तर त्या दहा किलोंच्या आतच होत्या.

व्यवहाराची बाजू आधी सांगून टाकतो, कारण अनेक घरांतून आता मुले परदेशी निघत आहेत. आठवडाभराचे कपडे पुरतात. धुऊन पुन्हा वापरता येतात. जाड कोट व जड बूट अंगावर घालूनच निघावे. जे तेथे दुकानात मिळते, ते येथून नेऊ नये. प्रमाणपत्रे, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत असावी, कारण मोठी बॅग कधी कधी मागे राहते. मोबाइलला वीज पुरवणारी सुटी बॅटरीही मोठ्या बॅगेत चालत नाही. ती जवळच ठेवावी लागते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे आमचे पेढे आणि तूप मुळातच बाद होते. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखशीलाही बंदी आहे, आणि आपल्याकडील मसाल्यात वा लाडवात ती नकळत असते. दुबईत विमान बदलणाऱ्यांनी हे विसरू नये. जे काढावयाचे, ते घरीच काढावे. विमानतळावर, रांगेतील लोकांसमोर बॅग उघडून काढावे लागले, तर त्यातून मनस्तापच होतो.

एवढ्याने पेढे गेले, तूप गेले, साड्या गेल्या. भीतीच्या वस्तूंपैकी निम्म्या गेल्या. पण प्रेमाच्या वस्तूंवर हात ठेवताना आम्ही अडलो, आणि शुभवर्तमान आठवले.

प्रभू येशूने बारा शिष्यांना पाठवले, तेव्हा सामानाची यादीच दिली होती. आणि ती यादी मुख्यतः नकाराची होती. भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत, दुसरा अंगरखा नको. संत मार्क काठी आणि वहाणा यांना परवानगी देतो; संत मत्तय व संत लूक यांच्या लिखाणात काठीसुद्धा नाही. शुभवर्तमानकारांचे काठीबाबत एकमत नाही, याचा आम्हांला दिलासा वाटतो. यादीत फरक पडला तरी तिच्यामागील विचार एकच आहे : ज्यांच्या दारात जाणार, त्यांच्यावर विश्वास टाका. झोळी भरलेली असली, तर माणूस कोणाचे दार ठोठावीत नाही.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो हलका प्रवास करतो, त्याचा भार कोणीतरी दुसराच उचलतो. शिष्यांनी भाकर नेली नाही, तेव्हा ती गावातील एखाद्या गृहिणीने भाजली. मुलीने पांघरूण नेले नाही, तर पहिल्या थंड रात्री ती कोणाकडे तरी ते मागणार. मग हलके निघणे हा सद्गुण, की आपले ओझे लोकांवर टाकण्याची सभ्य रीत? संत लूकच पुढे सांगतो, की अखेरच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांना विचारले, तेव्हा काही उणे पडले का? ते म्हणाले, नाही. त्यावर प्रभूने सांगितले, की आता मात्र ज्याच्यापाशी थैली आहे, त्याने ती घ्यावी. म्हणजे रिकामी झोळी हा त्रिकाल नियम नव्हता. काळ आणि कार्य पाहून शिदोरी ठरवावयाची होती.

संत फ्रान्सिस झेविअर १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि वाटेत मोझांबिकला थांबून १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोहोचले. राजाच्या अधिकाऱ्याने त्यांना हवे ते सामान व सेवेला नोकर देऊ केला होता. त्यांनी नोकर नाकारला. आपले कपडे आपण धुऊ म्हणाले. मात्र थोडी पुस्तके आणि आफ्रिकेच्या टोकाजवळील थंडीसाठी जाडेभरडे कपडे त्यांनी घेतले. या छोट्याशा स्वीकारात आम्हांला मोठा विवेक दिसतो. सर्वच नाकारले असते, तर ते त्यागाचे प्रदर्शन झाले असते. आणि वाटेत थंडीने आजारी पडले असते, तर त्यांची शुश्रूषा दुसऱ्यांनाच करावी लागली असती.

संत पौलाचेही असेच. आयुष्यभर पायी आणि गलबतांतून फिरलेला हा प्रेषित तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, की त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण. आणि हिवाळ्यापूर्वी ये. एवढ्या मोठ्या माणसाला शेवटी एका झग्याची आठवण होते, हे वाचून आमचे मन भरून येते. हलकेपणा म्हणजे वस्तूंचा तिरस्कार नव्हे. एक झगा, चार पुस्तके आणि एका माणसाची सोबत. एवढी गरज मान्य करण्यात कमीपणा नाही.

आजीची गोधडी बॅगेत राहिली, ती या विचाराने. मसाल्याची एक बाटली आजीने आपण होऊन काढली. म्हणाली, ‘‘एवढा नेऊन बाईला करून घालणार कोण?’’

खरा पेच शेवटी आला. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी त्याच शहरातील आपल्या पुतण्यासाठी एक पाकीट दिले होते. टेपने घट्ट बांधलेले, जेमतेम दीड किलोंचे. ‘कपडे आणि खाऊ आहे’ एवढेच ते म्हणाले होते. आम्ही त्यांना विनंती केली, की येऊन आमच्यासमोर उघडून दाखवा, मग आनंदाने नेऊ. त्यांना ते लागले. ‘इतक्या वर्षांची ओळख, आणि एवढाही विश्वास नाही?’ असा त्यांचा प्रश्न होता. ते आले नाहीत. आम्ही पाकीट परत केले. तेव्हापासून मिस्सेनंतर ते आमच्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत.

२०१९ च्या जुलैमध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य नात्यातील बाईने दिलेले पाकीट घेऊन कतारला उतरले. पाकिटात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ती निर्दोष आहेत हे सिद्ध होऊन सुटका व्हावयास २०२१ साल उजाडले. आमच्या परिचितांच्या पाकिटात खाऊच असेल, यात आम्हांला शंका नाही. पण आम्हांला शंका नसणे आणि मुलीला उत्तर देता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हे सामान तू स्वतः भरलेस का?’ असे विमानतळावर विचारतात, तेव्हा तिला खोटे बोलावे लागू नये.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल सांगतो, की एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच ओव्यांनंतर म्हणतो, की प्रत्येकाने आपापला भार वाहावयाचा आहे. वरवर पाहता हा विरोध. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला माणसाला दडपून टाकणाऱ्या वजनाचा. दुसरा प्रवाशाच्या वा गलबताच्या नेमून दिलेल्या भाराचा. प्रभू येशू आपले ओझे हलके आहे असे म्हणतो, तेथे संत मत्तयाने हाच दुसरा शब्द योजला आहे. दुःख, आजार, कर्ज, एकटेपणा ही वाटून घेण्याची ओझी. आपल्या कृतीची जबाबदारी हा ज्याचा त्याने वाहावयाचा भार. बंद पाकिटात ही दोन्ही एकत्र बांधलेली असतात, म्हणून ते घेता येत नाही. उघडे असते, तर ते प्रेमाने वाहिले असते.

आणखी एक गोष्ट आम्ही भिवंडीकर म्हणून सांगू इच्छितो. बहुतेक विमान कंपन्या एकही बॅग बत्तीस किलोंपेक्षा जड घेत नाहीत, मग कितीही पैसे भरा. कारण ती कोणीतरी उचलणार असतो. आपल्या राज्यात माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. माथाडी या शब्दातच ‘माथा’ आहे. आमच्या गोदामांतून रोज जी पाठ वाकते, तशीच एक पाठ विमानतळाच्या पडद्यामागेही वाकत असते. आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून एकच पिशवी घेऊन मागावर काम करण्यास आलेला कामगार आपल्याहून हलका प्रवास करतो; पण त्याला आम्ही सद्गुण म्हणणार नाही. त्याच्यापाशी काढून ठेवण्यासारखे काही नव्हतेच. निवड करता येणे हेच मुळात भाग्य आहे, हे ध्यानी ठेवूनच आपण हलकेपणाविषयी बोलावे.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया प्रथम जपानमध्ये राहिले आणि नंतर व्यापारी झाले. पुढे व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. त्यांच्या मालाची बाचकी मागे राहिली. जपानी भाषा मात्र बरोबर राहिली. १५९३ मध्ये ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. आणि १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. जे कोणत्याही काट्यावर चढत नाही, तेच त्यांना शेवटपर्यंत पुरले.

त्या रात्री काटा साडेबावीसवर थांबला. अर्धा किलो जागा उरली होती. ती कशाने भरावी, असे आईने विचारले, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘राहू दे मोकळी. येताना काहीतरी आणीनच ना.’’ आजीने बॅगेची चेन लावली. परत आलेल्या पाकिटाचे वजन मात्र आमच्या मनावरून अजून उतरलेले नाही. त्या गृहस्थांच्या घरी आता आम्हीच एकदा जाणार आहोत, रिकाम्या हातांनी.