ओराइबीच्या प्रमुखाच्या बाहुल्या

ॲरिझोनाच्या ईशान्य भागातील तीन रुक्ष पठारांवर वसलेल्या होपी लोकांच्या गावांत, जेथे मक्याचे पीक पावसाच्या मर्जीवर तगते, तेथे दक्षिणायन संपण्याच्या सुमारास कात्सिना नामक दैवी शक्ती येऊ लागतात आणि जुलैतील निमान विधीनंतर सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परततात, अशी श्रद्धा आहे. या मुक्कामात कात्सिना मुलींच्या हाती आपल्याच रूपाची लहानशी काष्ठप्रतिमा देतात. ती कोरलेली असते कॉटनवूडच्या मुळातून. आणि जे झाड जिवंतपणी भूगर्भातील ओलाव्याचा माग काढीत असते, त्याच्याच मुळाला पर्जन्यदात्यांचे रूप द्यावे, यातील औचित्य कोणा कवीलाही सहजी सुचले नसते. कोरणारा बाप असो वा मामा, दाता मात्र कात्सिनाच. कारागीर नामानिराळा राहतो. बाहुली भिंतीवर टांगली जाते, तिची पूजा होत नाही, आणि केवळ खेळणे म्हणूनही तिच्याकडे कोणी पाहत नाही. देवघर आणि खेळघर यांच्या हद्दी काटेकोर आखणाऱ्या आपल्या बुद्धीला हे जरा अवघडच वाटते.

पुढे संग्राहक आले, वस्तुसंग्रहालये आली, आणि त्यांच्यामागोमाग बाहुलीच्या तळाशी कारागिराची सहीही आली. जी वस्तू दानातूनच अर्थ पावते तिला मोल आणि कर्ता चिकटला, तर दात्याने जावे कोठे?

या पेचाचे मला सर्वांत मार्मिक वाटणारे उत्तर विल्सन तावाक्वाप्टेवा याने दिले. हा ओराइबी गावाचा वंशपरंपरागत प्रमुख. 1906 साली सरकारी शाळा आणि गोऱ्यांचा अंमल स्वीकारावा की नाही या वादात ओराइबी दुभंगले, तेव्हा तो सरकारशी जुळवून घेणाऱ्या पक्षाचा पुढारी होता, आणि तरीही सरकारने त्यालाच कॅलिफोर्नियातील शाळेत इंग्रजी शिकावयास धाडले. अशा मनुष्याने पुढे विक्रीसाठी बाहुल्या कोरल्या त्या हेतुपुरस्सर चुकीच्या: एका कात्सिनाचे मुख, दुसऱ्याची चिन्हे, तिसऱ्याचे रंग, जेणेकरून कोणत्याही खऱ्या कात्सिनाशी त्यांचा मेळ बसू नये. याला कोणी खरीददाराची फसवणूक म्हणेल. मला तसे वाटत नाही. लाकूड अस्सल होते, हात अस्सल होता, आणि जे विकण्याचा अधिकार आपल्याला नाही असे तो मानीत होता, तेवढेच त्याने सौद्यातून वगळले होते.